फ्रीजरला घातलेला हार

बाळाराम भोईरविषयी लिहायचं तर आधी हे सांगून टाकलं पाहिजे, की माणूस फार चांगला. वाईट असता तर माझं काम सोपं होतं. वाईट माणसाच्या नावानं बोटं मोडता येतात, चारचौघांत त्याला नावं ठेवता येतात आणि मग आपण आपल्या कामाला लागतो. चांगल्या माणसानं चांगल्या मनानं एखाद्याचं वाटोळं केलं, तर तो राग ठेवायचा कुठे, हे मला अजून कळलेलं नाही.

मी कुमुदिनी. उल्हासनगरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, शेवटची आठ वर्षं विभागप्रमुख होते. राहायला बदलापूरला. मुलांमध्ये माझी ख्याती खडूस अशी होती आणि ती मी कष्टानं मिळवली होती. आमच्या विभागाला एक संशोधनाची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक गळका नळ आणि कपाटाएवढा एक फ्रीजर. घरच्या फ्रीजमध्ये बर्फ जमतो तो कप्पा शून्याच्या खाली फार तर अठरा अंश जातो. आमचा फ्रीजर उणे ऐंशीवर चालायचा. तो वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस घरघरत असे आणि त्या घरघरीची आम्हांला इतकी सवय झाली होती, की तो मध्येच थांबला की आम्ही बोलायचं थांबायचो.

बाळाराम आमच्याकडे कंत्राटी शिपाई म्हणून आला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. बदलापूरजवळच्या गावातला आगरी माणूस. वडिलांची भाताची खाचरं होती, तिथे आता सात मजली इमारती उभ्या आहेत आणि त्यांना परदेशी फुलांची नावं आहेत. शेती गेल्याचं त्याला फारसं काही नव्हतं. त्याचा जीव यंत्रांत. सव्वीस वर्षं त्यानं अंबरनाथच्या एका रंगाच्या कंपनीत सेंट्रीफ्यूज चालवलं होतं. ओला रंग गरगर फिरवून त्यातलं पाणी काढून टाकणारं हे यंत्र, आपल्या वॉशिंग मशीनचा थोरला भाऊच. कंपनी बंद पडून चार वर्षं झाली होती, तरी बाळारामच्या नखांच्या मुळाशी निळा रंग होता. पहिल्या दिवशी त्यानं आमचं टेबलावरचं छोटं सेंट्रीफ्यूज बघितलं आणि खुदकन हसला.

"म्याडम, ह्या आमच्या मशीनचा नातू हाय."

नातवाची त्यानं अशी काळजी घेतली, की मला माझ्या सख्ख्या भाच्यांची लाज वाटावी. सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांना तो लग्नातला जुना रेशमी रुमाल वापरायचा. कुठल्या यंत्राचा आवाज बदललाय हे त्याला व्हरांड्यातून कळायचं. कंपनीतल्या गोष्टी सांगताना तो खंडेनवमीवर हटकून यायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करतात तो हा दिवस. वर्षभर तिन्ही पाळ्यांत चालणारी कंपनी त्या एका दिवशी बंद. यंत्रं धुवायची, तेलपाणी करायचं, हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, आणि मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही.

"मशीनला पन सुट्टी लागतं, म्याडम. एक दिस झोपला का वरीसभर कुरकुर नाय करत," असं तो सांगायचा. त्याचं सेंट्रीफ्यूज सव्वीस वर्षांत एकदाही मोठ्या दुरुस्तीला गेलं नव्हतं, हा त्याचा पुरावा. कंपनीला टाळं लागलं त्या वर्षी पूजेला यंत्रच नव्हतं, म्हणून त्यानं घरच्या मिक्सरला हार घातला. त्याची बायको तुळशी अंबरनाथला मच्छी विकते. त्या दिवशी वाटण पाट्यावर वाटावं लागलं म्हणून तिनं त्याला जे सुनावलं, ते तो आम्हांला आवाज काढून ऐकवायचा.

आमच्याकडे आल्यावर त्यानं ही पूजा प्रयोगशाळेत सुरू केली. मी विज्ञानाची बाई, पण मला ते आवडलं. सूक्ष्मदर्शकांवर झेंडूची फुलं फार छान दिसतात. दर वर्षी नारळ मीच फोडायचे आणि फोटो काढून स्टाफच्या ग्रुपवर टाकायचे. हे मुद्दाम सांगते आहे.

शीला गमरे माझी संशोधक विद्यार्थिनी. अंबरनाथ पश्चिमेला आईबरोबर राहायची. आई चांगुणाबाई वीस वर्षं घरी जीन्सचे धागे कापायचं काम करत आलेल्या. उल्हासनगरच्या कारखान्यांतून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे येतात, त्यांच्या शिवणींवरचे लोंबणारे धागे कापून द्यायचे. त्या गठ्ठ्यांना टेकून शीलानं अभ्यास केला आणि तिच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणी डॉक्टरेटपर्यंत पोचत होतं. ती कमी बोलायची. प्रयोगात एखादा आकडा हवा तसा आला, की तिला संशय यायचा आणि ती तो प्रयोग पुन्हा करायची. मी म्हणायचे, "अगं, देवानं दिलंय तर घे." ती म्हणायची, "मॅडम, देवाचा इथे संबंध नाही," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

तिचं काम काय होतं हे बाळारामला माझ्यापेक्षा सोप्या भाषेत सांगता यायचं, कारण तिनं ते त्याला समजावलं होतं. एकदा तो व्हरांड्यात सुंभाची दोरी घेऊन काहीतरी बांधत होता. तिनं दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायला लावलं, दुसरं त्याच्या पायाच्या अंगठ्याखाली धरायला लावलं. मग म्हणाली, "मामा, आता मधे दोन पदर वेगळे करा, बोट घाला आणि बोट पुढे सरकवत न्या." बाळारामनं बोट सरकवलं. बोटाच्या पुढे दोरीला पीळ साचत गेला, साचत गेला आणि शेवटी दोरी वेटोळी होऊन गाठाळली. बोटाच्या मागे ती ढिली पडली.

"असंच पेशीत होतं," शीला म्हणाली. "डीएनए म्हणजे दोन पदरांचं सुंभ. त्यावर जे लिहिलंय ते वाचायला एक यंत्र पदर उघडत पुढे जातं. दोन्ही टोकं बांधलेली, त्यामुळे पीळ पळून जाऊ शकत नाही. पुढे घट्ट, मागे ढिला. फार साचला तर यंत्र अडकतं."

"मंग?"

"मग पेशीकडे कात्री आहे. ती दोरी कापते, पीळ सोडवते आणि लगेच परत जोडते."

"जोडतं पन? मंग तिला कात्री कशाला बोलता? तुज्या आयशीसारकी कापनारी नाय ती, शिवनारी हाय." हे सांगून झाल्यावर तो स्वतःवरच खूश होऊन दिवसभर हसत होता.

शीलाचा प्रश्न असा होता. पेशीला अचानक चटका बसला, म्हणजे पाणी एकदम तापलं, की जीव वाचवायला तिला काही जनुकं भयंकर वेगानं वाचावी लागतात. एकामागून एक वाचणारी यंत्रं सुटतात. पुढच्याच्या मागचा ढिलेपणा आणि मागच्याच्या पुढचा घट्टपणा थोडाफार एकमेकांना मारून टाकतो, पण सगळा नाही. उरलेला पीळ सोडवायला कात्र्या धावतात. तर त्या धांदलीत कात्र्या कमी कधी पडायला लागतात? दुसऱ्या मिनिटाला? आठव्या? आणि कमजोर कात्रीच्या पेशीचं काय होतं?

हे शोधायला ती यीस्ट वापरायची. पावाचं पीठ फुगवतात तेच, पण हिच्या यीस्टच्या काही जाती मुद्दाम कमजोर कात्रीच्या होत्या. ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात त्यांना चटका द्यायचा, आणि शून्य, एक, दोन, चार, आठ अशा मिनिटांना थोड्या पेशी काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये क्षणात गोठवायच्या. त्या क्षणाला डीएनएवर जितका पीळ असेल तितका तो तसाच धरून ठेवला जातो. मिनिटं मोजायचं काम बाळारामकडे. तो हातात घड्याळ धरून "चार!" असं ओरडायचा, की शेजारच्या वर्गातली मुलं दचकायची.

साडेतीन वर्षांत अशा चारशे बारा नळ्या जमल्या. सगळ्या त्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये. त्या एकाच पद्धतीनं, एकाच दमात तपासल्या तर तुलनेला अर्थ होता, आणि तशी सोय मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत होती. त्यांनी दिवाळीनंतरची तारीख दिली. फेब्रुवारीअखेर शीलाची फेलोशिप संपणार होती आणि त्याबरोबर प्रबंध जमा करायची मुदतही. शीलाचा सगळा जन्म त्या फ्रीजरमध्ये होता, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही.

फ्रीजर म्हातारा झाला होता. त्याचा कॉम्प्रेसर मधूनच खोकल्यासारखा आवाज करायचा. शीला त्याच्यावर हात ठेवून म्हणायची, "दिवाळीपर्यंत दम धर रे बाबा." बाळाराम हे रोज ऐकायचा.

त्या वर्षी दसऱ्याला शीला नेहमीप्रमाणे आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. चांगुणाबाईंनी दर वर्षी जायचं हे आयुष्यात एकच व्रत धरलं होतं. जाताना शीला बाळारामला म्हणाली, "मामा, माझ्या फ्रीजरकडे बघा हं." तो म्हणाला, "तू बिनधास्त जा, ताय."

खंडेनवमीच्या सकाळी मी उत्तरपत्रिकांच्या ढिगात बसले होते. बाळाराम दारात आला. "म्याडम, यंदा मोठा फ्रीज पन घेऊ का पूजेला? तो बिचारा कंदी झोपलाच नाय."

मी मान वर न करता म्हटलं, "घ्या की. त्यानं काय पाप केलंय?"

मला वाटलं, हार घालेल. माझ्या शिकलेल्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. पूजा म्हणजे काय हे तो मला तीन वर्षं सांगत होता आणि मी फक्त फोटोपुरतं ऐकत होते. नारळ मी दुपारी सूक्ष्मदर्शकांपुढे फोडला आणि उत्तरपत्रिका घेऊन घरी गेले.

त्यानंतर त्यानं जे केलं ते फार विचारपूर्वक केलं. तुळशीच्या मच्छीच्या टोपलीसाठी बर्फ जिथून येतो तिथून ताज्या बर्फाच्या दोन लाद्या आणल्या, फोडून थर्माकोलच्या मोठ्या खोक्यात भरल्या. फ्रीजर बंद केला. त्यातले शीलाचे डबे एकही नंबर इकडचा तिकडे न करता बर्फात ठेवले, वर गोणपाट टाकलं. फ्रीजर ओरडायला लागला तेव्हा त्याचा गजर बंद केला. आतला वर्षानुवर्षांचा बर्फ लाकडी चमच्यानं काढला, धातूच्या कशानं नाही, ओरखडा उठेल. ओल्या फडक्यानं पुसला, कोरड्या फडक्यानं पुसला. हळदकुंकू लावलं, हार घातला, हात जोडले. दसऱ्याच्या सकाळी येऊन बटण चालू केलं आणि डबे पुन्हा आत लावले. डबे ओले होते म्हणून आडवे ठेवले, पाणी निथळावं म्हणून. फ्रीजर उणे ऐंशीवर पोचायला संध्याकाळ झाली. तोपर्यंत तो सुट्टीच्या दिवशी तिथेच स्टुलावर बसून होता. फ्रीजर खोकत नव्हता, म्हणून त्याला फार आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी शीला परत आली. फ्रीजरच्या मुठीला हार बघून हसली. डबे आडवे दिसले ते तिनं सरळ केले. पडद्यावर उणे ऐंशी हा आकडा होता. संशय यावा असं काहीच नव्हतं, आणि मी आधी सांगितलंय की ती संशयी मुलगी होती.

दिवाळीनंतर ती पहिल्या साठ नळ्या घेऊन मुंबईला गेली. तपासायची रीत अशी, की यीस्टमधल्या डीएनएची लहान गोल कडी जेलीच्या पातळ थरातून विजेच्या जोरावर पळवायची. जास्त पीळ असलेली कडी आखडून पुढे जाते, सैल कडी रेंगाळते. शिडीच्या पायऱ्यांसारख्या रेघा उमटतात, मिनिटागणिक शिडी वेगळी. शीलाच्या साठही नळ्यांत शिडी नव्हती. शून्याव्या मिनिटाची आणि आठव्या मिनिटाची रेघ एकाच जागी, सैल. तिला वाटलं, आपला हात चुकला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. पंधरा दिवस ती स्वतःची चूक शोधत होती. क्षार बदलले, जेली बदलली. मला फोन करून म्हणाली, "मॅडम, माझंच काहीतरी चुकतंय." मी म्हटलं, "शांतपणे कर." दुसरं काय म्हणणार?

मग एका दुपारी ती कॉलेजात आली, फ्रीजर उघडून एक डबा बाहेर काढला आणि एक नळी दिव्यासमोर धरली. आतला थेंब नळीच्या तळाशी नव्हता. एका बाजूला, भिंतीला चिकटून, तिरका गोठलेला होता. दुसरी नळी, तिसरी, दहावी. सगळ्यांत तसंच. गोठलेली गोष्ट आडवी केली म्हणून जागा सोडत नाही. ती आधी वितळली होती, आणि आडवी असताना पुन्हा गोठली होती.

मी शेजारीच उभी होते. शीलानं नळी खाली ठेवली. "मॅडम, हे डबे आडवे होते. दसऱ्यानंतर मी आले तेव्हा."

बाळाराम फडकं घेऊन आत आला. तिनं विचारलं, "मामा, पूजेच्या वेळी हे डबे कुठे ठेवले होते?"

"बर्फात!" तो अभिमानानं म्हणाला. "ताजा बर्फ, मच्छीचा. तुजा एक नंबर हालू दिला नाय, ताय. सगला साफ केला. बघ ना, आता कसा गप चालतंय."

त्याच्या दृष्टीनं बर्फ म्हणजे बर्फ. शून्य अंश आणि उणे ऐंशी यांच्यात किती अंतर आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शीलानं त्याला पीळ शिकवला, कात्री शिकवली, मिनिटं शिकवली. ही एक गोष्ट शिकवायची राहिली, कारण ती आम्हांला इतकी उघड वाटत होती, की ती शिकवायची असते हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आणि वितळल्यावर त्या नळ्यांत काय झालं असेल ते मला दिसत होतं. अर्धमेल्या पेशींतल्या कात्र्या जाग्या झाल्या आणि ज्या कामासाठी त्या असतात तेच त्यांनी केलं. कापत गेल्या, पीळ सोडवत गेल्या. साडेतीन वर्षं धरून ठेवलेले सगळे क्षण एका दिवसात सैल पडले.

शीला नळ्या नंबराप्रमाणे परत डब्यात लावत राहिली. मी बोलले. मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्याची हिंमत माझ्यात नाही. अडाणी, म्हटलं. पोरीचं आयुष्य नासवलंत, म्हटलं. कुणाला विचारून बंद केलात फ्रीजर, असंही विचारलं.

त्यावर बाळारामनं एकदा माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा. मग खाली बघितलं आणि म्हणाला, "कोनाला नाय. माज्या मनानीच केला."

मी तिथेच गप्प व्हायला हवं होतं. मी आणखी पाच मिनिटं बोलत राहिले.

पुन्हा करता आलं असतं, असं लोक म्हणतात. आलं असतं, तीन-साडेतीन वर्षांत. कमजोर कात्रीच्या जातीही त्याच फ्रीजरमध्ये होत्या, त्यांतल्या निम्म्या परत वाढल्या नाहीत. मुदतवाढीचा अर्ज केला, त्याला उत्तर आलं की यंत्रातील बिघाड हे कारण नियमात बसत नाही. त्यात यंत्रात बिघाड नव्हताच. मार्चमध्ये शीला अंबरनाथच्या एका औषधाच्या कंपनीत लागली, गोळ्यांचे नमुने तपासायला. तिच्या हाताला तिथे काही वाव नाही. चांगुणाबाईंनी मला एकदाच विचारलं, "बाई, मग ती डॉक्टर नाही ना होणार आता?" मी "बघू" म्हटलं. शिक्षकानं म्हणू नये असा तो शब्द आहे.

बाळारामनं जानेवारीतच काम सोडलं. त्याला कुणी काढलं नव्हतं. आता तो त्याच्याच गावातल्या, परदेशी फुलाचं नाव असलेल्या एका इमारतीच्या फाटकावर बसतो. वडिलांचं खाचर नेमकं तिथेच होतं की शेजारी, हे त्याला आता सांगता येत नाही.

एप्रिलमध्ये एका रविवारी मी शीलाकडे गेले होते. मनात ठरवून गेले होते, की आज तिला सांगायचं. बाळारामनं मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. चांगुणाबाईंनी चहा टाकला आणि पुन्हा जीन्सचे धागे कापायला बसल्या. मी तोंड उघडणार इतक्यात दारात बाळाराम. हडकला होता. हातात दवाखान्यात लस नेतात तसला निळा डबा. त्याला मी तिथे असेन असं वाटलं नसावं. मला बघून तो एक पाऊल मागे सरकला, मग आत आला.

"ताय, तुज्यासाठी आनलाय," म्हणाला आणि डबा उघडला. आत नळ्या होत्या. छोट्या, औषधांच्या दुकानात मिळतात तशा, चाळीसेक. प्रत्येकीवर चिकटपट्टी, तिच्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत शून्य, एक, दोन, चार, आठ. आत पांढरट गढूळ.

"मी केला. साडेतीन सालं बघितलंय ना तुला करताना. बेकरीवाल्याकडून यीस्ट आनला. तुलशीनं घड्याल धरला."

शीलानं एक नळी उचलून उजेडात धरली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिनं प्रयोगशाळेत विचारायची तसंच विचारलं.

"पाणी किती तापवलंत?"

"एकोनचालीस. तुजा जुना थर्मामीटर व्हता माज्याकडं."

"मिनिटं?"

"सेकंदाला सेकंद."

"गोठवलंत कशात?"

बाळाराम घाईघाईनं म्हणाला, "मच्छीचा बर्फ नाय हा, ताय. त्याला मी हात नाय लावला. घरच्या फ्रीजमंदी, वरच्या खनात. नवीन फ्रीज हाय, आमच्या पोरीनं घेतलेला. नल्या ठेवल्या तवापासून येकदा पन बंद नाय केला."

चांगुणाबाईंच्या हातात कात्री तशीच राहिली. शीला नळीकडे बघत होती. तिच्या आयुष्यात तिनं कधी खोटा आकडा लिहिला नाही, आणि मी मनातल्या मनात तिला विनवत होते, की बाई, आज लिही. एक शब्द लिही.

"वेळ बरोबर धरलीत मामा," ती म्हणाली. "अगदी बरोबर. पण नाही चालणार."

"नाय चालनार," बाळाराम म्हणाला. त्यानं मान हलवली, जणू एखाद्या सुट्या भागाचा नंबर जुळला नाही. मग जरा थांबून म्हणाला, "मंग हे टाकू कुटं? तू बोलली व्हतीस, यीस्ट गटारात टाकायचा नाय, आदी उकलायचा."

"हो. उकळून टाकायचं."

चांगुणाबाई उठल्या. चहाचं पातेलं उतरवून त्यांनी दुसरं मोठं पातेलं गॅसवर ठेवलं, त्यात पाणी ओतलं. बाळारामनं एकेक नळी नंबराप्रमाणे आत सोडली. शीलानं घड्याळ बघितलं. वीस मिनिटं उकळावं लागतं, हे आम्हां तिघांनाही माहीत होतं, म्हणून कुणी कुणाला सांगितलं नाही. पाण्यात पट्ट्या सुटून वर आल्या, अक्षरं पुसट होत गेली. त्या वीस मिनिटांत मला बोलता आलं असतं. बाळाराम माझ्या शेजारीच उभा होता आणि त्यानंही काही म्हटलं नाही.

मग शीलानं गॅस बंद केला आणि म्हणाली, "झालं."